स्पॅमची तक्रार : पोच नाही, उत्तरही नाही

बारामतीहून फलटणच्या रस्त्याला लागले की नीरा नदी ओलांडण्यापूर्वी सांगवी लागते. उसाच्या या बागायती पट्ट्यात ई-मेल ही आता केवळ शहरी नोकरदारांची गरज राहिलेली नाही. बँकेचा खातेउतारा, वीजबिल, परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीच्या अर्जाचे उत्तर असे सारे त्याच पेटीत येऊन पडते. त्याच पेटीत न खेळलेल्या परदेशी लॉटरीचे बक्षीस, घरबसल्या कमाईचे आमिष, नावही न ऐकलेल्या कंपनीचे कर्ज आणि ‘आपले खाते आज रात्री बंद होत आहे’ अशी धमकीही येते. मुंबई-पुण्याच्या पेटीत जे येते तेच सांगवीतही येते.

बहुतेक जण असे पत्र पुसून टाकतात. काही जण मात्र ‘रिपोर्ट स्पॅम’चे बटण दाबतात, पत्र कोणाकडे तरी पुढे पाठवतात, सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरतात. दुसऱ्या दिवशी तशीच चार पत्रे हजर. तक्रारीची पोच येत नाही. आलीच तर ती यंत्राने लिहिलेली असते, आणि पाठवणाऱ्याचे पुढे काय झाले हे तर कधीच कळत नाही. तक्रार नेमकी कोठे जाते आणि कोणती तक्रार करण्यात अर्थ आहे, हे ठाऊक नसल्याने या वैतागात भरच पडते.

‘स्पॅम’ हे मुळात अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूच्या १९७० मधील एका प्रहसनात हा शब्द इतक्या वेळा येतो की बाकीचे संभाषण त्यात बुडून जाते. संगणकवाल्यांनी तो तेथून उचलला. प्रकार मात्र त्याआधीच सुरू झाला होता. ३ मे १९७८ रोजी ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’चा विक्री अधिकारी गॅरी थर्क याने ‘अर्पानेट’ या सरकारी जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. आरडाओरड तेव्हाही झाली आणि थर्कला समज मिळाली. जाळ्याची सूत्रे अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे होती. तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्नच तेव्हा नव्हता.

पाकिटावरचा पत्ता आणि टपालाचा शिक्का

ई-मेल पोहोचवण्याची जी नियमावली १९८२ मध्ये ठरली, तीत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नव्हती. पाकिटाच्या कोपऱ्यात कोणीही कोणाचाही पत्ता लिहावा, तसे प्रेषकाच्या रकान्यात काहीही लिहिता येते. त्यामुळे अशा पत्राला रागाने उलट उत्तर लिहिणे व्यर्थ असते. उत्तर एक तर परत येते, नाही तर ज्याचा पत्ता चोरून वापरला त्या निरपराध माणसाकडे जाते. आणि पत्ता खरोखरच स्पॅमरचा असला तर ही पेटी रोज उघडली जाते, एवढी माहिती त्याला फुकट मिळते. अनोळखी पत्रातील ‘अनसब्स्क्राइब’च्या दुव्याचेही तेच. ओळखीच्या दुकानाच्या बातमीपत्रातून नाव काढून घेण्यासाठी मात्र तो दुवा वापरण्यास हरकत नाही.

खरा माग पत्राच्या ‘हेडर’मध्ये असतो. एरवी तो दिसत नाही. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय निवडला की उघडतो. पत्र ज्या सर्व्हरमधून जाते तो प्रत्येक सर्व्हर आपली नोंद वरच्या बाजूला चिकटवतो, पाकिटावर वाटेतल्या टपाल कार्यालयांचे शिक्के पडावेत तसे. सर्वांत वरच्या नोंदी स्वतःच्या सेवादात्याच्या, म्हणून विश्वासार्ह. खाली जावे तसा भरवसा कमी होतो, कारण खालचे शिक्के स्पॅमरने घरीच मारलेले असू शकतात. सेवादात्याच्या हाती हे पत्र कोणत्या आयपी पत्त्यावरून आले ते पाहायचे आणि तो पत्ता ज्या कंपनीचा असेल तिच्याकडे तक्रार करायची, अशी ही पद्धत आहे. त्यासाठी प्रत्येक इंटरनेट कंपनीने ‘अब्यूज’ नावाची पेटी ठेवावी, असा संकेत १९९७ मध्ये लेखी स्वरूपात आला. पेटी बहुधा असते. ती उघडणारा माणूस असतोच असे नाही.

तक्रारींचा कारखाना

हेडर वाचण्याचे किचकट काम यंत्राकडे सोपवणारी ‘स्पॅमकॉप’ ही सेवा ज्युलियन हेट याने १९९८ मध्ये सुरू केली. २००३ मध्ये ती ‘आयर्नपोर्ट’ने घेतली आणि २००७ मध्ये आयर्नपोर्टसह ‘सिस्को’कडे गेली. पूर्ण हेडरसह पत्र तिच्याकडे दिले की यंत्र मूळ शोधते, तक्रार तयार करते आणि संबंधित कंपनीला धाडते. शिवाय अशा तक्रारींवरून दोषी आयपी पत्त्यांची काळी यादी तयार होते आणि जगभरचे मेल सर्व्हर ती पाहून पत्रे नाकारतात. तक्रारी थांबल्या की साधारण एका दिवसात तो पत्ता यादीतून आपोआप गळतो.

कल्पना चोख आहे; अनुभव तितका सुखद नसतो. दोन दिवसांहून जुने पत्र ही सेवा स्वीकारत नाही. म्हणजे आठवड्यातून एकदा पेटी उघडणाऱ्याच्या बहुतेक तक्रारी शिळ्या ठरतात. ज्या कंपन्यांना तक्रारी नकोच असतात, त्यांच्याविरुद्धची तक्रार कोणालाच जात नाही, केवळ आकडेवारीत जमा होते. काही कंपन्या ती आपल्या ग्राहकाकडे, म्हणजे स्पॅमरकडेच, सरकवतात. तो तेवढ्या तक्रारदाराचे नाव गाळतो आणि बाकीच्या लाखोंना लिहीत राहतो. घाईत नीट न पाहता बटण दाबून स्वतःच्याच सेवादात्याविरुद्ध तक्रार नोंदवणारेही कमी नाहीत.

काळ्या यादीचा मार निरपराधांनाही बसतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योगाने स्वस्तातला सामायिक सर्व्हर घेतला आणि त्याच सर्व्हरवरील दुसऱ्या कोणी स्पॅम पाठवले, तर या उद्योगाचे साधे दरपत्रकही ग्राहकाच्या दारातून परत येऊ शकते. जानेवारी २०२१ च्या अखेरीस तर खुद्द ‘स्पॅमकॉप’च्या डोमेन नावाची मुदत संपली. नूतनीकरण राहून गेले आणि ही यादी वापरणारे अनेक सर्व्हर भल्याबुऱ्या सर्वच पत्रांना स्पॅम समजून परत पाठवू लागले. वाहनांचे परवाने तपासणाऱ्याचाच परवाना संपलेला निघावा, त्यातला हा प्रकार.

स्पॅमरशी थेट भिडणे तर महागातच पडते. ‘ब्लू सिक्युरिटी’ या इस्रायली कंपनीने ‘ब्लू फ्रॉग’ नावाची सेवा काढली होती. सुमारे पाच लाख सदस्यांच्या वतीने, स्पॅममधून ज्यांची जाहिरात होते त्या संकेतस्थळांवर नाव वगळण्याच्या मागण्यांचा मारा करायचा, अशी तिची रीत. मे २००६ मध्ये स्पॅमरांनी उलटा हल्ला चढवला. सदस्यांना धमक्यांची पत्रे गेली, संबंध नसलेली इतर संकेतस्थळेही त्या भरात कोसळली आणि त्याच महिन्यात कंपनीने सेवा गुंडाळली. ‘स्पॅमहॉस’ ही काळी यादी चालवणारी दुसरी मोठी संस्था. तिला एका जाहिरात कंपनीने अमेरिकेत न्यायालयात खेचले. संस्थेने बचाव सोडून दिल्याने २००६ मध्ये एक कोटी १७ लाख डॉलर भरपाईचा आदेश निघाला. अपिलांचे फेरे होत २०११ मध्ये ती रक्कम तीन डॉलरवर आली!

म्हणून तक्रारी वायाच जातात, असेही नाही. कॅलिफोर्नियातील ‘मॅकोलो’ या कंपनीच्या सर्व्हरांवरून स्पॅमची मोठी जाळी चालवली जातात, हे संगणक सुरक्षेतील जाणकार आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी पुराव्यांनिशी मांडले. तिला जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी ११ नोव्हेंबर २००८ रोजी ती तोडली आणि जगभरातील स्पॅम एकदम निम्म्याहून खाली आले. काही महिन्यांत ते पुन्हा चढले, हा भाग वेगळा.

सामान्य वापरकर्त्याच्या हाती असलेली सर्वांत उपयोगी तक्रार म्हणजे पेटीतलेच ‘रिपोर्ट स्पॅम’ बटण. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना नवे नियम लावले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध केली पाहिजे, एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय दिली पाहिजे आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवले पाहिजे. हजार पत्रांमागे तीन तक्रारी ही मर्यादा फारच थोडी आहे. बटण दाबणाऱ्याला उत्तर येत नाही, पण त्याची गणती होते. म्हणूनच स्वतः मागवलेले बातमीपत्र कंटाळा आला म्हणून स्पॅममध्ये ढकलणे अन्यायाचे ठरते. उलट दिशेची काळजीही हवी. जीमेलच्या स्पॅम पेटीतले पत्र ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते, आणि त्यात मुलाखतीचे बोलावणेही अडकलेले असू शकते.

भारतात दाद कोणाकडे?

येथे गोंधळ सुरू होतो. नको असलेले फोन आणि एसएमएस यांसाठी ‘ट्राय’ची व्यवस्था आहे. १९०९ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीनवरून सात दिवस झाली, तर नोंदणी नसलेल्या प्रेषकांवरील कारवाईची मुदत तीस दिवसांवरून पाच दिवसांवर आली. या व्यवस्थेत ई-मेल बसत नाही. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांनी २००३ मध्येच स्पॅमविरोधी कायदे केले. भारतात तसा स्वतंत्र कायदा झाला नाही.

स्पॅमला जवळून स्पर्श करणारे एक कलम होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात, त्रास देण्यासाठी किंवा पत्र कोठून आले याबाबत दिशाभूल करण्यासाठी ई-मेल पाठवणे हा गुन्हा ठरवला होता. पण हे कलम गाजले ते वेगळ्याच कारणाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, प्रकरण देशभर गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर संपूर्ण कलमच रद्द केले. निर्णयाचे स्वागत झाले ते योग्यच. स्पॅमविषयीचा तुकडाही त्याबरोबर गेला, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. तोतयेगिरी करून फसवणूक करण्याविरुद्धचे ६६-ड कलम कायम आहे. म्हणजे नुसता उपद्रव असेल तर कायद्याचा आधार तोकडा, फसवणूक असेल तर भक्कम. बँक किंवा आयकर खात्याच्या नावाने आलेले बनावट पत्र केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला कळवता येते.

पैसे गेले असतील तर

अशा वेळी स्पॅमकॉपही नको आणि पत्रापत्रीही नको. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात पोहोचून काढली जाण्यापूर्वी गोठवणे, हाच या यंत्रणेचा उद्देश आहे.

भरपाईसाठी आणखी एक मार्ग आहे, तो फारसा कोणाला माहीत नसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे मागता येतो. ‘पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज’ या पुण्यातील कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी एका फसव्या ई-मेलला प्रतिसाद दिला आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ मध्ये तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भामट्यांच्या खात्यांची पुरेशी तपासणी न केल्याचा ठपका बँकेवर आला. पत्राला प्रतिसाद दिल्याने उरलेला भार तक्रारदारावर राहिला. अशा आदेशांवरील अपिले ऐकणाऱ्या सायबर अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद २०११ पासून रिकामे होते. २०१७ मध्ये ते काम दूरसंचार विवादांच्या न्यायाधिकरणाकडे देऊनच हा प्रश्न सुटला.

सांगवीकरांना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. पुणे जिल्ह्यात सांगवी एक नाही. ‘सांगवी पोलीस ठाणे’ आहे ते पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात. बारामती तालुक्यातील सांगवी पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते. गावाचे नाव पाहून ठाणे निवडले तर अर्ज शंभर किलोमीटर दूरच्या टेबलावर जाऊन पडण्याचा धोका. अर्जासोबत पत्राचा केवळ छापील कागद किंवा मोबाइलवर काढलेले छायाचित्र देऊन भागत नाही, कारण त्यात हेडर येत नाही. मूळ पत्र पेटीत तसेच ठेवावे, ते संपूर्ण हेडरसह उतरवून घ्यावे आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक फेरीत आधी तोच विचारला जातो.