उरलेल्या नऊचा मागोवा

मोर्सच्या लिपीत 'ए' म्हणजे टिंब-रेघ आणि 'आय' म्हणजे दोन टिंबं. अमेरिकेत अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी 598 जणांना असे संकेत जोडीजोडीने ऐकवले आणि विचारलं, दोन्ही एकच की वेगळे? ऐकणाऱ्यांना मोर्स येत नव्हतं. तारमास्तर बसवला असता तर प्रयोगच बुडाला असता. 1957 साली छापलेल्या त्या 36 बाय 36च्या तक्त्यात आधी 'ए' मग 'आय' वाजल्यावर 46 टक्के 'एकच' म्हणाले. क्रम उलटा केला, तर 64 टक्के!

अशा आकड्यांवरून नकाशा काढायची, म्हणजे सारखे वाटणारे संकेत जवळ आणि वेगळे वाटणारे दूर मांडायची, रीत तेव्हा नवी होती. वॉरेन टॉर्गर्सन यांनी 1952मध्ये ती घालून दिली. पण नकाशावर पुणे-सातारा अंतर जाताना एक आणि येताना दुसरं नसतं. म्हणून रॉजर शेपर्ड यांनी 1963मध्ये दोन्ही आकड्यांची सरासरी घेतली: 55. नकाशा सुरेख आला. एका दिशेने संकेतांची लांबी, दुसरीकडे टिंब-रेघांचं प्रमाण. दोन्ही बाजूंचे नऊ मात्र मोरीत गेले.

पोरगं बापासारखं दिसतं म्हणतात, बाप पोरासारखा दिसतो असं कुणी म्हणत नाही. साम्याला अशी दिशा असते, हे अमोस ट्वर्स्की यांनी 1977मध्ये ठासून मांडलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातले जॉन गोवर यांनी ते नऊ उचलले. तक्ता दोन भागांत फोडायचा: एकात 55, दुसऱ्यात उणे नऊ आणि अधिक नऊ. या दुसऱ्या भागाचंही चित्र निघतं, पण ते वाचायची तऱ्हा न्यारी. तिथे दोन बिंदूंमधलं अंतर बघायचंच नाही. ते दोन आणि आरंभबिंदू मिळून जो त्रिकोण होतो, त्याचं क्षेत्रफळ म्हणजे फरक. फिरण्याची दिशा म्हणजे अधिक-उणे. आरंभबिंदूतून जाणाऱ्या एकाच रेषेवर दोघे असले, तर कितीही लांब असोत, चित्राच्या लेखी फरक शून्य. नकाशाला सरावलेल्या डोळ्यांना हे पटता पटत नाही.

पुढे दिशेचा फरक जपणाऱ्या अशा पद्धतींचा गोतावळा वाढला. जपानमध्ये ओकाडा आणि इमाइझुमी यांनी 1987मध्ये बिंदूंभोवती वर्तुळं काढली. त्याआधीच, 1982मध्ये, रिचर्ड हार्शमन आणि सहकाऱ्यांनी आपली पद्धत अमेरिकी गिऱ्हाइकांवर लावली होती: 1979मध्ये कोणती मोटार देऊन कोणती घेतली, याच्या तक्त्यावर. तिथे सरासरी काढली असती, तर गिऱ्हाईक कुठून कुठे गेलं हेच पुसलं गेलं असतं.