‘कंपनी सरकार’ : एका जोडशब्दाचा इतिहास

मराठीत रूढ झालेला ‘कंपनी सरकार’ हा जोडशब्द इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. त्यातील पहिले पद इंग्रजीतून आलेले व व्यापाराचे, दुसरे फारसीतून आलेले व राजसत्तेचे. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळताच महसूल घेणारा आणि त्याच महसुलातून माल खरेदी करणारा एकच झाला. या शब्दातील दोन पदांचा संयोग प्रत्यक्षात घडला तो असा.

लंडनमध्ये मात्र या दोन सत्तांची ओढाताण दीर्घकाळ चालली. पार्लमेंटचे मुख्य साधन मुदतीची सनद हे होते. कंपनी अडचणीत आली, अथवा सनदेची मुदत संपत आली, की तिचे काही अधिकार कमी होत. १७७३ मध्ये चौदा लक्ष पौंडांच्या कर्जाबरोबर नियामक कायदा आला. १७८४ मध्ये नियंत्रण मंडळ स्थापन झाले. १८१३ मध्ये चीनचा व चहाचा व्यापार वगळता मक्तेदारी संपली. १८३३ च्या कायद्याने व्यापारच थांबला. उरले ते केवळ ‘सरकार’; तेही १८५८ मध्ये राणीकडे गेले.

तथापि हा सरळसरळ राज्यसंस्थेचा विजय मानणे योग्य होणार नाही. १७६७ पासून कंपनीने ब्रिटिश खजिन्यात वर्षाला चार लक्ष पौंड भरण्याचे मान्य केले होते. म्हणजे नियंत्रण करू पाहणारा लाभातही वाटेकरी होता. ज्या रयतेच्या महसुलावर हा व्यवहार चालला, तिला मात्र दोन्ही पक्षांच्या वाटाघाटींत स्थान नव्हते.