एक गिटार, तीन गळे

सुवारी ज्याने मंदिराच्या चौकात बसून ऐकली आहे, त्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दहा घुमटे एकत्र वाजतात तेव्हा तो आवाज एका घुमटाच्या दहापट मोठा नसतो, तो भरलेला असतो. प्रत्येक मडक्याची माती वेगळी, चामड्याचा ताण वेगळा, थाप केसभर मागेपुढे. या केसभर फरकातच सारी गंमत आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांनी हीच गंमत विजेच्या तारांतून मिळवली. एकच गिटार, पण ती एका वेळी दोन-तीन अँप्लिफायरांतून वाजवायची. आज थोडे या हौसेच्या इतिहासाविषयी.

सुरुवातीला प्रश्न फक्त ऐकू येण्याचा होता. ब्रास बँडच्या कल्लोळात बिचारी गिटार बुडून जाई. रिकनबॅकरची तव्यासारखी दिसणारी इलेक्ट्रिक गिटार १९३०च्या दशकाच्या आरंभी आली, गिब्सनची ईएस-१५० ही १९३६ साली. चार्ली ख्रिश्चनने १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात शिरून तिला सॅक्सोफोनच्या पंगतीत बसवले. तोवर एक गिटार, एक अँप, एवढाच हिशेब होता.

मग १९५८च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि गिटार बनवणाऱ्यांनाही दोन कानांची आठवण झाली. ग्रेचने त्याच सुमारास खर्जाच्या आणि टिपेच्या तारा वेगवेगळ्या अँपमध्ये पाठवणारी गिटार काढली. गिब्सनची ईएस-३४५ ही १९५९ ची, तर रिकनबॅकरची 'रिक-ओ-साउंड' सोय त्यानंतर लगेचची. दोन अँप विकत घ्यायचे म्हणजे खिशाला चाट, त्यामुळे या गिटारी घराघरांत पोचल्या नाहीत. पण कल्पना रुजली.

आपल्याकडे त्या काळात नेमके उलटे चित्र होते. परदेशी सामानाच्या आयातीवर कडक निर्बंध. फेस्ताला आणि लग्नांना वाजवलेले जुने वादक सांगतात की एकाच अँपमध्ये गिटार, बास आणि गाणाऱ्याचा माइकही खुपसलेला असे. तिकडे एका वाद्याला तीन गळे, इकडे तिघांना मिळून एक गळा!

या तंत्राचा सर्वांत सुंदर उपयोग केला तो क्वीनच्या ब्रायन मेने. (याच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला.) 'ब्रायटन रॉक' हे गाणे १९७४ च्या 'शीअर हार्ट अटॅक' या अल्बममधले. रंगमंचावर त्यातले एकल वादन करताना मे मूळ सूर एका अँपमधून, त्याचा पहिला प्रतिध्वनी दुसऱ्यातून आणि दुसरा प्रतिध्वनी तिसऱ्यातून सोडी, आणि स्वतःच्याच प्रतिध्वनीवर स्वरसंगतीने वाजवी. तिन्ही सूर एकाच अँपमध्ये कोंबले असते तर नुसता गोंगाट झाला असता. वेगळे ठेवल्यामुळे ते हवेत येऊन भेटत.

रोलँडने १९७५ मध्ये हेच हवेतले मीलन एका पेटीत बसवले. जेसी-१२० मध्ये साठ-साठ वॉटचे दोन अँप आणि दोन स्पीकर. कोरस लावला की एकातून साधा सूर येतो, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा. पुढे स्टीव्ही रे वॉनसारखा वादक स्टेजवर वेगवेगळ्या जातींचे अँप एकदमच चालू ठेवू लागला, कुणाकडून खर्ज, कुणाकडून धार.

हे ऐकून एक गैरसमज होतो की दोन अँप म्हणजे दुप्पट आवाज. तसे नाही. दुप्पट वॉट झाले तरी कानाला थोडीच वाढ जाणवते. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. खरा बदल पोताचा. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिले की दोन आवाजांतले अंतर साधारण तीस-चाळीस सहस्रांश सेकंदांच्या आत असेल तर कान त्यांना एकच समजतो. अंतर त्याहून बरेच वाढले की प्रतिध्वनी. हैदराबादला गोवळकोंड्याच्या फतेह दरवाज्यात टाळी वाजवली तर ती सुमारे एक किलोमीटरवरच्या बालाहिसारला ऐकू येते. आवाजाला तिथवर जायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. गिटारवाला काम करतो तो याच्या शंभराव्या भागात.

हैदराबादचे नाव निघाले म्हणून तिथलीच एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी विद्यानगरात नातेवाइकांकडे उतरलो होतो. उस्मानिया विद्यापीठ जवळ, त्यामुळे गल्लोगल्ली विद्यार्थी. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी एक गिटार दोन अँपना जोडली होती आणि दोन्हींतून भुंग्यासारखी घरघर येत होती. एकजण पक्कड घेऊन आला, एका प्लगचा अर्थिंगचा पिनच काढायला. मी त्याला अडवले आणि खाली बसवून कारण सांगितले. तेच इथे लिहितो, कारण आपल्या गावांतल्या मांडवांतही हा 'इलाज' मी पाहिला आहे.

दोन अँप दोन ठिकाणी अर्थ झालेले असतात आणि गिटारच्या केबलची जाळी त्यांना पुन्हा जोडते. असे कडे तयार झाले की त्यात विजेची ५० हर्ट्झची घरघर फिरू लागते. पिन मोडला की कडे तुटते, घरघर थांबते, आणि सगळे खूश होतात. पण आता त्या अँपची जमिनीशी उरलेली एकमेव वाट म्हणजे केबलमधली ती बारीक जाळी. ती तुटली आणि अँपमध्ये बिघाड झाला तर २३० व्होल्ट त्याच्या पत्र्यावर येतात, आणि तिथून तारांवर. वादकाचा हात तारांवर, ओठ माइकवर. स्टोन द क्रोज बँडचा लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर माइकला हात लागताच गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना गेला. दोन्हीकडे दोष अर्थिंगचा.

खरा उपाय साधा आहे. गिटार आणि दुसरा अँप यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेली विभाजक पेटी घालावी. सूर चुंबकत्वाने पलीकडे जातो, तार जोडलेली नसते, त्यामुळे कडेही होत नाही. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावावेत आणि बोर्डाला ३० मिलिअँपचा आरसीसीबी असावा. दोन्ही अँप लावल्यावर खर्ज हरवून आवाज पातळ झाला, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आहे असे समजावे. चांगल्या पेटीवर हे उलटवायचे बटण असते.

येत्या जत्रेत किंवा फेस्तात तुमच्या वाड्यावर मांडव पडेल. साउंडवाला तारा ओढत असेल तेव्हा एकदा त्याच्या प्लगांकडे पाहा. तीन पिन मोजा. दोनच भरले तर संकोच न करता कार्यक्रम थांबवायला सांगा. घरघर सहन करता येते.