शनवार तेल्यांचा देश

आमच्या अलिबागच्या बाजूला वालाचं बिरडं जमून आलं की आजी एकच शेरा द्यायची, "बायच्या हातचं लागतंय." बाय म्हणजे परड्यापलीकडच्या घरातली. तिला नाव असणारच, पण आम्हा पोरांची ती बायमावशी. साठ सालाच्या आगेमागे, मी अगदी लहान असताना ती गेली. वारली नव्हे, मुलंबाळं घेऊन देश सोडून गेली. त्यामुळे मला ती खरंच आठवते, की आजीनं इतक्यांदा सांगितल्यामुळे आठवल्यासारखी वाटते, हे आता मलाही सांगता यायचं नाही. नऊवारी, हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, कपाळ मात्र कोरं. एवढं डोळ्यांपुढे आहे.

ही मंडळी बेने इस्राएल, म्हणजे आमच्याकडचे ज्यू. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा, कारण घाणा त्यांचा आणि शनिवारी तो बंद. शुक्रवारी दिवेलागणीला बैल सोडला की रविवारपर्यंत कुणी तेल मागायला जायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मूळची गोष्ट आजोबा सांगायचे. शेकडो वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं. सात गडी आणि सात बाया वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. राहिली एक प्रार्थना, शनिवारचा विसावा, मुलाची सुंता आणि खाण्यापिण्याचे नेम. आजोबांच्या गोष्टीत गलबत कधी यमनहून यायचं, कधी थेट यरुशलेमहून. विचारलं की म्हणायचे, "अरे, मी काय तांडेल होतो?"

सण त्यांचे वेगळे, पण नावं आपल्यातलीच: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करायचा, तोही नारळाच्या दुधात. दूध आणि मटण एका पंगतीला चालत नाही, म्हणून नारळ. कोकणात हा नेम पाळणं फारसं अवघड नव्हतं. नवस बोलायचा तो एलियाहू हन्नाबीला. फेडताना मलिद्याचं ताट असे, म्हणजे पोहे, खोबरं, साखर आणि वर फळं. संदेष्टा एलिया आपल्या रथासह अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला आणि खडकावर चाकाच्या खुणा उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा. रामाच्या पावलांच्या खुणा दाखवणाऱ्या आमच्या गावाला त्यात नवल कसलं वाटणार?

दारफाळणीच्या दिवशी मात्र त्यांचं दार बंद. पांढरे कपडे, कडक उपास, परक्याशी बोलणं नाही. आदल्या दिवशी आजी आम्हाला दम भरायची, "उद्या बायकडे बोंबलत जायचं नाही." दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा तिकडून ताट यायचंच.

हे सगळं सांगताना उगाच गूळ लावायला नको. माझी पणजी बायकडून आलेलं ताट परसात ठेवून घ्यायची आणि आमचं भांडं धुऊन आत न्यायची. त्यांच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. त्यांची आपापसात सोयरीक नसे. म्हणजे चाळण्या सगळ्यांकडेच होत्या. पण तू कोण, याचा पुरावा आण, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. कुणी त्यांची घरं जाळली नाहीत. युरोपात त्यांच्या साठ लाख धर्मबांधवांना मारलं, हे गावाला कळलं ते मुंबईहून उशिरा येणाऱ्या वर्तमानपत्रातून. बायच्या सासऱ्यानं ते वाचलं आणि तीन दिवस घाणा बंद ठेवला, असं आजोबा सांगायचे.

आजोबा शाळामास्तर. राजकारणावर त्यांची मतं ठाम असत. १४ ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तान झालं, १४ मे १९४८ ला इस्राएल. मधे बरोबर नऊ महिने. "दोन्ही बाळंतपणं एकाच सुईणीनं केली, आणि दोन्हीकडे नाळ कापायच्या आधीच पळाली," असं ते इंग्रजाबद्दल म्हणायचे. एकाचं पहिलं भांडण काश्मिरात दोनच महिन्यांत सुरू झालं, दुसऱ्याचं दुसऱ्याच दिवशी. पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा विरोधात मत देणाऱ्या १३ देशांत भारत होता. आपल्या फाळणीचं रक्त अजून सुकलं नव्हतं, दुसरं मत कसं देणार? पुढे १७ सप्टेंबर १९५० ला आपण इस्राएलला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ उजाडलं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तान फुटून निघालं, तेव्हा आजोबा ओटीवर बसून म्हणाले होते, "धर्म एक असून पुरलं नाही बघ."

बाय काही राजकारण म्हणून इस्राएलला गेली नाही. थोरल्या मुलाला तिकडे नोकरी मिळणार होती आणि प्रार्थनेत रोज ज्या गावाचं नाव घ्यायचं ते बघायला मिळणार होतं. आधी गेलेल्यांच्या गोष्टी काही चांगल्या नव्हत्या. तिथे काळे म्हणून हिणवतात, हलकी कामं देतात, अशा तक्रारी होत्या. काही जण धरणं धरून बसले आणि १९५२ साली काही कुटुंबं परत मुंबईला आलीसुद्धा. त्यातली बरीचशी पुढे पुन्हा गेली, तो भाग वेगळा. बाय गेली ती लोद नावाच्या गावी. तिथून तिची मराठीत पत्रं यायची, निळ्या कागदावर.

पहिल्या पत्रांत सगळी रड खाण्याची. नारळ नाही, कोकम नाही, वाल कसले कसले मिळतात. मग एकात आलं की घर जुनं, दगडी आहे, भिंती जाड आहेत आणि अंगणात लिंबाचं मोठं झाड आहे, लोणचं घातलंय. आजीनं उलट टपाली विचारलं, "झाड मोठं म्हणजे लावणारं कुणी दुसरं. ती माणसं कुठं गेली?" उत्तर पुष्कळ दिवसांनी आलं. बायनं लिहिलं होतं: शेजारीण सांगते, लढाईत पळून गेली. जास्त विचारलेलं कुणाला आवडत नाही.

हा मजकूर माझ्या डोक्यात अनेक वर्षं पडून होता. मोठेपणी वाचलं तेव्हा उलगडा झाला. जुलै १९४८ मध्ये लोद आणि शेजारच्या रामलातून ५० हजारांहून जास्त अरबांना हाकलून दिलं होतं. कडक उन्हात, पायी. कितीतरी वाटेतच गेले. बायला यातलं किती ठाऊक होतं? आजीच्या प्रश्नानंतर लिंबाचा उल्लेख पत्रात पुन्हा आला नाही, एवढं खरं.

मग १९६२. बायच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा युरोपातून आलेल्या घरचा. तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीनं नेमका त्याच साली हुकूम काढला होता: बेने इस्राएलपैकी कुणी बाहेरच्या ज्यूशी लग्न करत असेल तर आधी आईची आई, तिची आई, जमेल तितकं मागे जाऊन ती खरी ज्यू होती का ते तपासा. बायनं आजीला लिहिलं, "वैनी, तुला ठावं हाय ना आम्ही कोण ते?" आजी भडकली. म्हणाली, मी लिहून देते. शनिवारी हिच्या घरी चूल पेटली नाही हे माझ्या सासूनं पाहिलंय, तिच्या सासूनं पाहिलंय. आजोबांकडून तिनं मजकूर लिहून घेतला, सही केली. तो तिथे कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल यरुशलेमला धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं हे लोक सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं, मग धर्मगुरूंनीही हुकमाची भाषा बदलली. लग्न झालं म्हणे. पण बायच्या अक्षरात त्यानंतर पहिला जोर दिसला नाही, असं आजीचं मत.

जून १९६७ च्या लढाईत धाकटा मुलगा होता, तो परत आला. ६ ऑक्टोबर १९७३ ला, ऐन दारफाळणीच्या दिवशी, इजिप्त आणि सिरियानं हल्ला केला. रेडिओवर बातमी ऐकून आजीनं देवापुढे दिवा लावला. त्यानंतर एकच पत्र आलं, तेही नातीच्या हातचं, मोडक्या मराठीत.

मला विचाराल तर ज्यूंनी घर मागितलं यात काही गैर नव्हतं. युरोपानं दुसरा रस्ता ठेवला नव्हता. पण देशाचं दारच धर्माच्या मापानं बेतलं की आतल्याची तपासणी संपत नाही आणि बाहेरच्याशी लढाई संपत नाही. पाकिस्ताननं १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुसलमानांतून वगळलं, ते याच वाटेनं. आणि ज्यांना आज आपल्याकडेही असं दार बसवावंसं वाटतं, त्यांनी आधी या दोन घरांत डोकावून यावं.

लोदमध्ये मे २०२१ मध्ये ज्यू आणि अरब शेजारी एकमेकांवर चालून गेले, गावात आणीबाणी लावावी लागली. ऑक्टोबर २०२३ पासून गाझात जे झालं ते आपण रोज पाहिलं. बायचं घर आता आहे का, कोण राहतं, काही कळायला मार्ग नाही. कुठल्याही ज्यूला इस्राएलमध्ये येऊन राहू देणारा कायदा मात्र १९५० चाच आहे. त्याच्या आधारे बायच्या कुळातला कुणीही आज अलिबागहून उठून लोदला राहायला जाऊ शकतो. ज्यांनी ते लिंबाचं झाड लावलं, त्यांच्या नातवंडांना त्या कायद्यात जागा नाही.