माइक नव्हता तेव्हा

आजच्या मैफलीत गवई कसा लागला, हे निम्मं साउंडवाल्याच्या हातात असतं. संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले यांना ही सोय नव्हती. पद ऑर्गन-तबल्यावरून पुढे जाऊन थेट शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचं, उंच पट्टीतही शब्द स्वच्छ ठेवायचा, आणि ‘वन्स मोअर’ आला की तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गायचं. खरी परीक्षा इथेच. पहिल्यांदा पाठांतर चालतं, तिसऱ्यांदा गळ्यातलं भांडवल दिसतं.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ हे संगीत नाटक झालं. बालगंधर्वांची गंधर्व आणि केशवरावांची ललितकलादर्श, दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्या एका रंगमंचावर! नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव. एकाची लडिवाळ, शब्दाला गोंजारणारी गायकी; दुसऱ्याची चढी, धारदार. मी पिढीजात गंधर्वभक्त घरातला. तरी सांगतो, माइकशिवाय भरलं नाट्यगृह ताब्यात घ्यायचं तर केशवरावांचाच गळा हवा. (आमच्या घरी हे मोठ्याने बोलायची सोय नाही.)

त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं ३१.