तहान लागण्यापूर्वीची विहीर

विटा हे खानापूर तालुक्याचे ठिकाण. तालुका मात्र कायमचा अवर्षणग्रस्त. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडून जगली. पाऊस आला की असे दिवस विसरले जातात. येरळाकाठच्या बलवडी व तांदूळवाडीच्या ग्रामस्थांनी ते विसरू दिले नाहीत. नदीची वाळू गेली की पाणीही जाते, हे त्यांनी ओळखले. १९८० नंतरच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने त्यांनी थोडी वाळू विकून पैसा उभारला, श्रमदान केले व बळीराजा धरण बांधले. पाण्यात भूमिहीनांचाही हक्क मानला. विद्यार्थी मित्रहो, संकटाची तयारी सुकाळातच करायची असते. आणि त्यात दुर्बळाचा वाटा आधी ठरवायचा असतो.