आवटी, मनोहर प्रल्हाद

आवटी, मनोहर प्रल्हाद : (७ सप्टेंबर १९२७ – ३ नोव्हेंबर २०१८). भारतीय नौदलातील व्हाइस ॲडमिरल, १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी, मॅरिटाइम हिस्टरी सोसायटीचे संस्थापक आणि ‘सागर परिक्रमा’ उपक्रमाचे जनक. जन्म सुरत येथे.

नौकानयनाचे शिक्षण मुंबईतील ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर. हे जहाज भारतीय मुलांना व्यापारी जहाजांवरील अधिकारी होता यावे म्हणून १९२७ मध्ये, म्हणजे आवटींच्या जन्मवर्षीच, सुरू झाले होते. तेथील काही कॅडेट नौदलाकडे वळत. नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी हे याच जहाजाच्या पहिल्या तुकडीतले. आवटी १९४५ मध्ये डफरिनवरून बाहेर पडले आणि तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले. पुढील प्रशिक्षण इंग्लंडमध्ये झाले. संदेशवहन ही त्यांची विशेष शाखा. ‘रणजित’, ‘बेतवा’, ‘तीर’ आणि ‘म्हैसूर’ या युद्धनौकांवर त्यांनी कमांडिंग ऑफिसर म्हणून काम केले.

१९७१ च्या युद्धात ते पूर्व ताफ्यातील ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे आणि तिच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. निकोबारमधील एका बेटाचे नाव असलेली ही नौका सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या पाणबुडीविरोधी नौकांच्या मालिकेतली. आकाराने लहान, वेगवान, चार ७६ मिमी तोफा आणि पाणबुडीविरोधी अग्निबाण बाळगणारी. याच जातीच्या ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या नौका कराचीवरील हल्ल्यात क्षेपणास्त्र नौकांबरोबर होत्या, त्यामुळे युद्धाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख वारंवार येतो. पूर्वेकडील कामगिरी तेवढी सांगितली जात नाही, आणि हा अन्याय आहे. पूर्व ताफ्यातील विमानवाहू नौका ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडा गेल्याने ती पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. वेग कमी असलेली विमानवाहू नौका हे पाणबुडीला सोपे सावज असते. त्यामुळे ‘ब्रह्मपुत्रा’, ‘बियास’, ‘कामोर्ता’ आणि ‘कवरत्ती’ या चार नौकांवर तिच्या रक्षणाचा भार अधिकच पडला. या रक्षणाच्या आधारावरच विक्रांतच्या विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार, चितगाव आणि पुढे खुलना, मोंगला या बंदरांवर हल्ले केले. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती भारतीय नौका ‘राजपूत’ने टाकलेल्या पाणबुडीविरोधी स्फोटकांनी बुडाली की आतल्या स्फोटाने, याविषयी मतभेद आहेत. मात्र समुद्रावर असलेल्या ताफ्याला पाणबुडीचा धोका टळला असे मानून चालणार नव्हते. सुरुंग पेरलेल्या पाण्यात आणि पाणबुडीच्या सावटाखाली किनाऱ्यालगत केलेल्या कारवाईबद्दल आवटींना वीरचक्र देण्यात आले. शत्रूची रसद वाहणारी जहाजे पकडण्याचाही या कामगिरीत समावेश होता.

युद्धानंतर खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कमांडंट. पश्चिम नौदल विभागाचे फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ असताना १९८३ मध्ये निवृत्त. परम विशिष्ट सेवा पदकाचे मानकरी.

सेवेत असतानाच, १९७८ मध्ये, त्यांनी मुंबईत मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली. शिवाजी महाराजांचे आरमार आणि कान्होजी आंग्रे यांच्यामुळे महाराष्ट्राला सागरी परंपरेचा अभिमान आहे, पण गलबते, बंदरे, जहाजबांधणीचे कारागीर, नकाशे यांचा शिस्तीने अभ्यास करणारी माणसे कमी. नौदल अधिकाऱ्यांनी स्वतः हा अभ्यास करावा, असा आवटींचा आग्रह होता.

सागर परिक्रमा : आवटींचे नाव टिकेल ते मुख्यतः या कामामुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भारतीयांनी शिडाच्या नौकेतून जगाची फेरी केली नव्हती असे नाही. सैन्यदलाच्या अभियंत्यांची ‘तृष्णा’ ही नौका १९८५–८७ मध्ये प्रदक्षिणा करून आली होती, पण ती चमूसह. एकट्या भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून ही फेरी करावी, ही कल्पना आवटींनी निवृत्तीनंतर अनेक वर्षे लावून धरली. विशीतिशीतल्या खलाशाचे हे स्वप्न ऐंशीकडे झुकलेल्या माणसाने जपले होते. नौदलाने ते स्वीकारले आणि २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी स्वेच्छेने नाव दिले.

नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस फायबरग्लास या कारखान्यात बांधली गेली. आराखडा हॉलंडमधील व्हॅन डी स्टाट यांचा, लांबी ५६ फूट. एवढ्या मोठ्या, दक्षिण महासागराच्या लाटा झेलणाऱ्या शिडाच्या नौकेचा अनुभव त्या कारखान्याला नव्हता. दोंदे स्वतः कारखान्यात राबले. ज्याला एकट्याने नौका हाकायची आहे त्याला तिचा प्रत्येक नळ, दोर आणि जोड हाताने ठाऊक हवा, कारण भर समुद्रात दुरुस्तीला दुसरा माणूस मिळत नाही. गोव्यातील नदीवरून तिचे नाव ‘म्हादेई’ ठेवण्यात आले आणि १२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलात सामील झाली. मॉरिशसहून परतताना दोंदे यांनी एकट्याने सफर करून तिची परीक्षा घेतली.

१९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले. फ्रीमँटल (ऑस्ट्रेलिया), लिटलटन (न्यूझीलंड), पोर्ट स्टॅन्ली (फॉकलंड बेटे) आणि केपटाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. केप लीविन, केप हॉर्न आणि केप ऑफ गुड होप या तिन्ही टोकांना वळसा घालणारा हा मार्ग. जोरदार पश्चिमी वाऱ्यांमुळे तो वेगवान आहे, तसाच धोक्याचाही.

पुढचा टप्पा न थांबता फेरी करण्याचा. याच ‘म्हादेई’तून नौदल अधिकारी अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कोणत्याही बंदराला न लागता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईच्या पाण्यात परत आले. त्यानंतर तिची भगिनी नौका ‘तारिणी’ घेऊन वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात जगाला वळसा घालून आल्या. ही सफर आवटींना पाहता आली.

निवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे होते. पर्यावरण आणि वन्यजीव हे त्यांच्या आस्थेचे विषय.

विंचुर्णी येथेच वयाच्या ९१ व्या वर्षी निधन. त्याआधी जेमतेम दीड महिना, सप्टेंबर २०१८ मध्ये, टॉमी गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत हिंदी महासागरातील वादळात जबर जखमी झाले होते. त्यांची ‘थुरिया’ ही नौका रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहेली’ची प्रतिकृती होती. १९६९ मध्ये एकट्याने, न थांबता पहिली जगप्रदक्षिणा पूर्ण करणारी मूळ ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधलेली, आणि प्रतिकृतीही दांडेकरांच्याच कारखान्यातली. टॉमी बरे झाले आणि २०२२–२३ च्या शर्यतीत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला.

पुढे टॉमी यांनी घडवलेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परिक्रमा पूर्ण करून गोव्यात परतल्या.